हवाईची स्मृतिपदके आणि टोकन: निवड, पडताळणी आणि जपणूक यांचा नेमका क्रम

हवाईची पदके आणि टोकन (मळे, दुकाने, व्यापारी संस्था यांनी नाण्याच्या जागी चालवलेल्या खासगी चकत्या) जमवू लागलेल्या बहुतेकांची चूक एकाच जागी होते. वस्तूवर जे साल कोरलेले असते तेच ती तयार झाल्याचे साल आहे असे ते धरून चालतात, त्या समजुतीवर किंमत मोजतात, आणि वजन, व्यास, धातू, कड या गोष्टी पैसे देऊन झाल्यावर तपासायला घेतात. १८४७ हे साल आणि राजाचा चेहरा असलेली, पर्यटकांच्या दुकानात विकायला केलेली पितळी चकती दुर्मीळ नाण्याच्या किमतीला घेतली जाते ती याच कारणाने. सुरुवातीच्या खरेदीत माझ्याकडूनही अशा दोन वस्तू घेतल्या गेल्या आणि आज त्या केवळ तुलनेसाठी वेगळ्या पाकिटात ठेवलेल्या आहेत.

खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. खरेदी चौथ्या टप्प्यावर आहे आणि ती त्याआधी करू नये.

## टप्पा १: संग्रहाची हद्द ठरवणे

हवाईशी संबंधित धातूच्या चकत्यांचे प्रकार इतके निरनिराळे आहेत की एका प्रकारासाठी कमावलेली नजर दुसऱ्या प्रकाराला पुरत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षासाठी एकच प्रकार निवडावा.

पहिला प्रकार प्रत्यक्ष चलनी नाण्यांचा. हवाईचा राजा कामेहामेहा तिसरा याच्या काळातील १८४७ चा तांब्याचा सेंट, कालाकाउआ राजाच्या मुद्रेची १८८३ ची चांदीची चार नाणी आणि ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा १९२८ मध्ये अमेरिकेने काढलेला अर्धा डॉलर, एवढाच त्याचा मुख्य पसारा आहे. ही पदके नव्हेत आणि टोकनही नव्हेत. परंतु स्मरणवस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या असंख्य चकत्या यांच्याच नकला असल्यामुळे मूळ नाण्यांची मापे पाठ असल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये.

दुसरा प्रकार मळ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या टोकनांचा आहे. वाइलुकू, हाइकू आणि ग्रोव्ह रँच हे उसाचे मळे, काहुलुई रेल्वे, आणि तिच्याशी निगडित असलेले थॉमस हॉब्रन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढलेली टोकन ही सगळी माउई बेटावरची आहेत. काहींवर साडेबारा हा आकडा दिसतो आणि नवखा वाचक त्याने गोंधळतो. रुपयाचा आठवा भाग म्हणजे जसे दोन आणे, तसा डॉलरचा आठवा भाग म्हणजे साडेबारा सेंट किंवा एक रिआल. १८८२ च्या हाइकू टोकनावर तर ‘एक रिआल’ असेच लिहिलेले आहे. हा प्रकार अतिशय देखणा आणि महाग आहे, आणि त्यात नकलाही आहेत. पहिल्या वर्षी तो फक्त चित्रांतून अभ्यासावा.

तिसरा प्रकार विसाव्या शतकातील व्यापारी डॉलरांचा. माउई, कोना अशा ठिकाणच्या व्यापारी संस्थांनी काढलेली ही टोकन ठरावीक तारखेपर्यंत स्थानिक दुकानांत एका डॉलरच्या जागी घेतली जात. चौथा प्रकार स्मृतिपदकांचा आहे: १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाल्याची पदके, कुकच्या आगमनाच्या द्विशताब्दीची १९७८ ची पदके, हवाई राज्य नाणकशास्त्र संघटनेची पदके. पाचव्या प्रकारात पर्यटनस्थळी यंत्रात दाबून लांबट केलेले सेंट, लष्करी तुकड्यांची ओळखपदके आणि होनोलुलूच्या बसची जुनी टोकन येतात.

सुरुवात तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकाराने करावी असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्यात असतात आणि काढणारी संस्था व मुदत बहुधा वस्तूवरच लिहिलेली असते, त्यामुळे वाचण्याची सवय लागते.

तपासणी: आपला संग्रह कशाचा आहे हे एका वाक्यात लिहून पाहावे. त्या वाक्यात ‘इत्यादी’ किंवा ‘वगैरे’ आले तर हद्द अजून ठरलेली नाही.

## टप्पा २: साहित्य जमवणे

एक शतांश ग्रॅमपर्यंत वाचणारा आणि किमान २०० ग्रॅम पेलणारा वजनकाटा, मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणारा कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहानसा पण जोरकस चुंबक, आणि एका बाजूने तिरका प्रकाश पाडता येईल असा टेबलदिवा एवढे साहित्य पुरते. पोलादी जबड्याच्या कॅलिपरने पदकाच्या कडेवर सहज ओरखडा उठतो, म्हणून प्लास्टिकचा घ्यावा. टेबलावर जाड मऊ कापड पसरूनच काम करावे, म्हणजे हातातून निसटलेले पदक फरशीवर आपटणार नाही.

सूची लागतेच. डोनाल्ड मेडकाफ आणि रोनाल्ड रसेल यांनी तयार केलेली हवाईच्या चलनाची सूची या क्षेत्रात प्रमाण मानली जाते आणि तिची दुसरी आवृत्ती १९९१ ची आहे. विक्रेते टोकनांना जे क्रमांक लावतात ते बहुधा याच सूचीतील असतात. त्यातील किमती आज निरुपयोगी आहेत. प्रकारभेद, मापे आणि चित्रे यांसाठी ती वापरावी.

इशारा: सराफाच्या कसोटीच्या दगडावर पदक घासू देऊ नये. दागिन्याच्या बाबतीत ती रीत चालते, पण पदकाच्या कडेवरचा घासल्याचा डाग कायमचा राहतो आणि संग्राहकाच्या दृष्टीने वस्तूची किंमत तिथेच उतरते.

## टप्पा ३: छायाचित्रावरून वस्तूचा काळ ठरवणे

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो वस्तू हातात येण्यापूर्वीच पुरा करायचा आहे. एकाच चकतीवर तीन निरनिराळी साले असू शकतात: ज्या घटनेचे स्मरण करायचे तिचे साल, वस्तू तयार झाल्याचे साल आणि ती कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारली जाईल त्या मुदतीचे साल. १७७८ हे कुक हवाईला आल्याचे साल असल्यामुळे ते १९२८ च्या आणि १९७८ च्या अशा दोन्ही काळच्या वस्तूंवर सापडते. व्यापारी डॉलरवर छापलेली तारीख बहुतेक वेळा मुदत संपण्याची असते. दाबलेल्या सेंटवर पुसटसे दिसणारे साल हे मूळ सेंटचे साल असते. यंत्राने तो कधी दाबला याच्याशी त्याचा संबंध नसतो. एवढेच कशाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत कालाकाउआची चांदीची नाणी १८८४ मध्येही पाडली गेली, पण सगळ्यांवर साल १८८३ हेच आहे.

म्हणून अंकांवर विसंबू नये आणि वस्तूवर आणखी काय दिसते ते पाहावे. मी पुढील खुणा या क्रमाने पाहतो.

१. राज्यसत्तेचे नाव. ‘रिपब्लिक ऑफ हवाई’ हे शब्द १८९४ ते १८९८ या काळातील प्रजासत्ताकाचे आहेत. ‘टेरिटरी ऑफ हवाई’ किंवा नुसती ‘टी. एच.’ ही अक्षरे १९०० ते १९५९ या काळाकडे बोट दाखवतात. ‘स्टेट ऑफ हवाई’ असेल तर वस्तू १९५९ च्या आधीची असू शकत नाही.

२. इमारती आणि पुतळे. होनोलुलू बंदरावरील अलोहा टॉवर १९२६ मध्ये खुला झाला, वाइकीकीचे रॉयल हवायन हॉटेल १९२७ मध्ये उघडले, ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेवरील मधोमध खाली झुकलेले पांढरे स्मारक १९६२ मध्ये अर्पण झाले आणि आजचे राज्य विधानभवन १९६९ पासून वापरात आहे. यांपैकी एखादी वास्तू चकतीवर दिसत असेल तर वस्तू त्या वर्षानंतरचीच आहे, मग तिच्यावर १९४१ लिहिलेले असो की १८१०.

३. पत्ता आणि दूरध्वनी. पत्त्याच्या शेवटी पाच अंकी पिनकोड असेल तर वस्तू १९६३ नंतरची आहे. ८०८ हा हवाईचा दूरध्वनी विभागांक १९५७ पूर्वी नव्हता.

४. लेखनपद्धती. हवाई भाषेच्या वर्णमालेत पाच स्वर, सात व्यंजने आणि ओकिना नावाचे, उलट्या स्वल्पविरामासारखे दिसणारे कंठ्य चिन्ह एवढेच धरले जाते. रोमन लिपीत ‘हवाई’ लिहिताना शेवटच्या दोन अक्षरांमध्ये हे चिन्ह जाणीवपूर्वक कोरलेले असेल तर वस्तू बहुधा विसाव्या शतकाच्या अखेरची किंवा त्यानंतरची असते. उलट १८४७ च्या सेंटवरील ‘हापा हानेरी’ या शब्दात ‘र’ आहे, आणि ते अक्षर आज प्रमाण मानलेल्या वर्णमालेत नाही. लेखनातल्या अशा विसंगतीमुळे वस्तू खोटी ठरत नाही. मूळ नाण्यावरच ती आहे.

५. मूल्याचे शब्द. ‘उमी केनेता’ म्हणजे दहा सेंट, ‘हापाहा’ म्हणजे पाव डॉलर, ‘हापालुआ’ म्हणजे अर्धा आणि ‘अकाही दाला’ म्हणजे एक डॉलर. आधुनिक खासगी पदकांवरही ‘दाला’ हा शब्द सर्रास येतो, म्हणून तो एकटा पुरावा होऊ शकत नाही.

चेहऱ्यांची ओळखही याच टप्प्यावर करून घ्यावी. गालांवर भरघोस कल्ले आणि मिशा असलेला चेहरा कालाकाउआचा असतो (हा राजा १८८१ च्या जगप्रवासात कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईला आला होता, म्हणून मराठी संग्राहकाला तो थोडा जवळचा वाटावा). डाव्या हातात भाला, उजवा हात पुढे केलेला आणि अंगावर पिसांचा झगा अशी उभी आकृती कामेहामेहा पहिला याच्या पुतळ्याची असते; ती २००८ च्या अमेरिकन पाव डॉलरवरही आहे. राणी लिलिउओकलानी किंवा राजकन्या काइउलानी यांच्या मुद्रेचे ‘नाणे’ दिसले तर ते चलनात कधीच नव्हते हे लक्षात ठेवावे. रेजिनाल्ड हथ या इंग्रज संग्राहकाने १८९० च्या दशकात अशी नाणी खासगीरीत्या पाडून घेतली. ती अस्सल असतील तर मौल्यवान आहेत, पण त्यांच्या पुढच्या काळातील नकला अधिक सहज मिळतात.

इशारा: भारदस्त नावाला भुलू नये. ‘रॉयल हवायन मिंट’ हे नाव राजघराण्याच्या टांकसाळीचे वाटते, परंतु ती विसाव्या शतकातील खासगी संस्था आहे आणि हवाईची राजसत्ता १८९३ मध्येच उलथली गेली होती. तसेच, हवाई राज्यात जुगाराला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे ‘अलोहा’ लिहिलेली जुगारघराची चकती हवाईची नसून बहुधा लास व्हेगासची असते, जिथे हवाईच्या पाहुण्यांसाठी खास आतिथ्य करणारी हॉटेले आहेत.

## टप्पा ४: विक्रेत्याला विचारणे आणि खरेदी करणे

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून पाच गोष्टी मागाव्यात: दोन्ही बाजूंची आणि कडेची अशी तीन छायाचित्रे, ग्रॅममधील वजन, मिलिमीटरमधील व्यास, वस्तू मुळात कुठून मिळाली ते, आणि परत घेण्याची अट. कडेचे छायाचित्र बहुतेक जण मागत नाहीत, आणि नेमके तिथेच चांदीची शुद्धता, टांकसाळीचे नाव किंवा दागिना करताना जोडलेल्या कडीचे टाके घासून काढल्याची खूण असते.

औंसात सांगितलेले वजन स्वीकारू नये. चांदीचा ट्रॉय औंस ३१.१० ग्रॅमचा असतो आणि स्वयंपाकघरातील काट्याचा साधा औंस २८.३५ ग्रॅमचा. ‘एक औंस चांदी’ म्हणणारा विक्रेता यांपैकी कोणता औंस सांगतो आहे हे त्यालाही अनेकदा ठाऊक नसते.

महाग वस्तू पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखून प्रत ठरवणाऱ्या संस्थांच्या मोहोरबंद डबीत असेल तर डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीत तपासावा आणि तिथले चित्र असल्यास समोरच्या वस्तूशी ताडून पाहावे, कारण डब्यांच्याही नकला निघतात.

नातेवाईक अमेरिकेत असतील आणि सुट्टीत ओआहू किंवा माउई बेटावर जाणार असतील तर त्यांना ‘काहीतरी छान घेऊन या’ असे सांगू नये. हव्या असलेल्या टोकनाचे चित्र, माप आणि वरची पाच प्रश्नांची यादी पाठवावी. वस्तू त्यांच्या हातून भारतात येणार असेल तर खरेदीची पावती सोबत असू द्यावी आणि चांदीचे पदक असल्यास सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ते दाखवावे. सामानाच्या नियमांत पदक हा दागिना धरला जात नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. शंभर वर्षांहून जुने नाणे भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याच्या व्याख्येत येते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १८८३ चे नाणे इकडे आणून पुढे परदेशातील लिलावात विकण्याचा विचार असेल तर तो आणण्यापूर्वीच तज्ज्ञाच्या सल्ल्याने नीट तपासून घ्यावा.

तपासणी: टप्पा ३ मधील खुणांवरून काढलेला काळ आणि विक्रेत्याने सांगितलेला काळ यांत तफावत असेल तर ती मिटेपर्यंत खरेदी करू नये. ‘दुसरा कोणीतरी घेऊन जाईल’ या घाईनेच सर्वाधिक चुका होतात.

## टप्पा ५: वस्तू आल्या दिवशी छायाचित्र आणि मोजमाप

पाकीट उघडताना आणि वस्तू बाहेर काढताना छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे परत पाठवायची वेळ आली तर पुरावा हाताशी राहतो. पदक नेहमी कडेला धरावे. बोटांच्या घामाचा ठसा तांब्यावर काही आठवड्यांत तपकिरी होऊन उमटतो आणि मग निघत नाही.

मोजमापाचा क्रम असा ठेवावा. आधी चुंबक जवळ नेऊन पाहावा. चांदी, तांबे, पितळ, कांसे, ॲल्युमिनियम यांपैकी काहीच त्याला चिकटत नाही. चिकटले तर आत बहुधा लोखंड आहे आणि वर मुलामा आहे. मग वजन, त्यानंतर दोन आडव्या-उभ्या दिशांनी व्यास, त्यानंतर जाडी, आणि शेवटी कड पूर्ण फिरवून भिंगाखाली पाहावी.

कालाकाउआच्या नाण्यांची मापे इथे देतो, कारण नकला ओळखण्यासाठी ती सतत लागतात. डॉलर २६.७३ ग्रॅम आणि ३८.१ मिमी, अर्धा डॉलर १२.५० ग्रॅम आणि ३०.६ मिमी, पाव डॉलर ६.२५ ग्रॅम आणि २४.३ मिमी, दहा सेंट २.५० ग्रॅम आणि १७.९ मिमी. सगळ्यांत ९० टक्के चांदी आहे आणि सगळ्यांच्या कडेला उभ्या खाचा आहेत. झिजलेल्या नाण्याचे वजन थोडे कमी भरते. जास्त कधीच भरत नाही.

दाबलेल्या सेंटसाठी एक सोपी खूण आहे. १९८२ च्या आधीचा सेंट ९५ टक्के तांब्याचा आणि ३.११ ग्रॅमचा होता. १९८२ मध्ये दोन्ही प्रकार निघाले. त्यानंतरचा जस्ताचा, वरून तांब्याचा पातळ थर दिलेला आणि २.५० ग्रॅमचा आहे. जस्ताचा सेंट दाबला की थर फाटून करड्या रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजे दोष असे समजून वस्तू परत करू नये; तो त्या धातूचा स्वभाव आहे.

चांदीबद्दल शंका उरली तर घनता काढावी. पेल्यात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवावा आणि काटा शून्यावर आणावा. पदक बारीक दोऱ्याने टांगून, तळाला किंवा बाजूला न टेकवता, पूर्ण पाण्यात बुडवावे. काटा जो आकडा दाखवील त्याने पदकाच्या कोरड्या वजनाला भागावे. उदाहरणार्थ, ३१.१० ग्रॅमचे पदक बुडवल्यावर काटा २.९७ दाखवत असेल तर भागाकार १०.४७ येतो आणि शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे. त्याच वजनाचे पितळी पदक बुडवल्यावर ३.६ च्या पुढे आकडा येईल. पदकावर अडकलेले हवेचे बुडबुडे आकडा फुगवतात, म्हणून ते दोरा हलवून सोडवावेत. मीना भरलेल्या, रंगवलेल्या किंवा कडीला फीत असलेल्या पदकावर हा प्रयोग करू नये.

## टप्पा ६: पाडलेले, ओतलेले आणि नक्कल

अस्सल नाणी आणि बहुतेक चांगली पदके ठशांच्या दाबाने पाडलेली असतात. स्वस्त नकला साच्यात ओतलेल्या असतात. ओतीव वस्तूचा पृष्ठभाग भिंगाखाली बारीक छिद्रांचा दिसतो, अक्षरांच्या कडा गोलसर आणि साबणासारख्या मऊ असतात, आणि कडेवर दोन अर्धे जोडल्याची रेघ किंवा ती घासून काढल्याचे ओरखडे सापडतात. तिरक्या प्रकाशात वस्तू सावकाश फिरवली तर पाडलेल्या नाण्यावर झळाळीची चक्राकार रेघ सरकताना दिसते. ओतीव वस्तू मुलाम्यामुळे चमकते, पण ती रेघ फिरत नाही.

१८४७ च्या सेंटच्या बाबतीत धोका सर्वाधिक आहे. मूळ नाणे मॅसॅच्युसेट्समधील ॲटलबरो येथे पाडले गेले, एकूण एक लाख, सुमारे २७ मिमी व्यासाचे, तांब्याचे आणि साध्या कडेचे. पिवळसर पितळी रंग, चकचकीत सोनेरी मुलामा किंवा कडेवरच्या खाचा यांपैकी एक जरी आढळले तरी ती स्मरणवस्तू आहे. २९ नोव्हेंबर १९७३ नंतर तयार झालेल्या किंवा आयात केलेल्या नाण्यांच्या नकलांवर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणे अमेरिकेच्या कायद्याने बंधनकारक केले. परंतु त्यापूर्वीच्या नकलांवर तो नसतो, आणि नंतरच्याही काही नकलांवरून तो खरवडून काढलेला असतो. म्हणून तो शब्द नाही एवढ्यावरून वस्तू अस्सल ठरत नाही.

१८८३ च्या नाण्यांत नक्कल कमी, पण दुरुस्ती जास्त आढळते. १ जानेवारी १९०४ पासून ती कायदेशीर चलन राहिली नाहीत, बरीचशी वितळवली गेली आणि उरलेल्यांतील पुष्कळांना मागे टाका मारून पिना, गुंड्या, साखळ्यांचे लोलक केले गेले. मागच्या बाजूला एखादा भाग जास्त गुळगुळीत दिसला, राजचिन्हाची बारीक रेघ मधेच तुटली किंवा बारा वाजण्याच्या जागी कडेवर खाचा भरलेल्या दिसल्या तर नाणे दागिन्यातून सोडवलेले आहे. ते घेण्यात गैर काही नाही. किंमत त्या हिशेबाने द्यावी. मीना भरलेले जुने दागिने जसेच्या तसे टिकले असतील तर ते मोडून नाणे सोडवण्याचा मोह टाळावा, कारण त्या मीनाकामाला स्वतःचे संग्राहक आहेत.

मळ्यांच्या मजुरांचे ‘बांगो’ नावाचे क्रमांकाचे बिल्ले हा वेगळाच विषय आहे. हा शब्द जपानी भाषेत क्रमांकाला म्हणतात. पगाराच्या हिशेबात आणि मळ्याच्या दुकानातील उधारीत मजूर त्याच्या नावाऐवजी या क्रमांकाने ओळखला जाई. ज्या माणसाच्या गळ्यात किंवा पट्ट्याला तो लटकत असे त्याचे श्रम त्या पत्र्यात आहेत, म्हणून शोभेची वस्तू समजून तो मुळीच घेऊ नये. व्यवहाराच्या दृष्टीने सांगायचे तर छिद्राची वरची कड लटकवण्याने झिजलेली असावी लागते. बिल्ला जुना आणि काळवंडलेला, पण छिद्राची कड धारदार असेल तर तो अलीकडे केलेला आहे.

तपासणी: वस्तू नक्कल ठरली तर ती त्या दिवशीच परत करावी, किंवा ठेवायचीच असेल तर पाकिटावर ‘नक्कल’ असे ठळक लिहून वेगळी ठेवावी. आपल्या पश्चात संग्रह हाताळणाऱ्याला हा भेद कळणार नाही.

## टप्पा ७: स्वच्छता, म्हणजे बहुधा काहीच न करणे

आपल्या घरांत तांब्या-पितळेची भांडी चिंच, लिंबू, रांगोळी किंवा भांड्यांच्या पुडीने घासून लखलखीत करण्याची सवय असते, आणि त्याच सवयीने पदके कायमची खराब होतात. धातूवर वर्षानुवर्षे चढलेला एकसारखा तपकिरी किंवा करडा थर त्याचे रक्षण करतो, आणि तो काढला की खालचा पृष्ठभाग ओरखड्यांसह उघडा पडतो. असे घासलेले पदक जाणकार विकत घेत नाही, आणि घेतले तर पडेल भावाने.

दोनच गोष्टी करण्यास हरकत नाही. मोकळी धूळ किंवा माती असेल तर वस्तू ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवावी आणि बाहेर काढून मऊ कापडावर टिपून वाळवावी, पुसू नये. प्लास्टिकमुळे चढलेला हिरवट चिकट थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवावे. हे काम खिडकी उघडी ठेवून, देवघरातील निरांजन आणि गॅस या दोहोंपासून दूर, काचेच्या भांड्यात करावे. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात सुगंध आणि तेल मिसळलेले असते, म्हणून तो वापरू नये. मीना किंवा रंग असलेल्या पदकाला ॲसिटोन लावूच नये.

इशारा: तांब्यावरचा कोरडा, भुकटीसारखा हिरवा कळंक आणि प्लास्टिकचा चिकट हिरवा थर या दोन भिन्न गोष्टी आहेत. ॲसिटोनने दुसरा निघतो. पहिल्यावर त्याचा उपयोग नाही, आणि तो खरवडल्यास खाली खड्डा उरतो. असे पदक इतरांपासून त्वरित वेगळे करावे.

## टप्पा ८: आपल्या हवेत साठवण

होनोलुलूच्या समुद्रकिनाऱ्यावरून आलेली वस्तू मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या पावसाळ्यात आणखी ओलावा सोसते. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाने असलेल्या अल्बममध्ये मी ठेवलेल्या १९५९ च्या एका कांस्यपदकावर एकाच पावसाळ्यात चिकट हिरवा थर आला आणि तो काढल्यावरही अक्षरांभोवती डाग उरले. त्यानंतर मी पॉलिएस्टरची पारदर्शक, कडक पाकिटे आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी यांशिवाय काही वापरलेले नाही. चौकटीला टाचणी मारल्यावर तिची टोके पक्कडीने सपाट करावीत, नाहीतर ती शेजारच्या पदकाला ओरखडतात. मोठ्या, जाड पदकांसाठी आतून फेस नसलेल्या कडक प्लास्टिकच्या गोल डब्या घ्याव्यात, आणि व्यास मोजूनच घ्याव्यात. सैल डबीत पदक हलते आणि कड झिजते.

चौकटी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवाव्यात. सागवानी कपाट, लोकरीचे कापड, रबरबँड आणि डांबराच्या गोळ्या यांपासून चांदी दूर ठेवावी. डबा भिंतीला लागून असलेल्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवू नये, कारण पावसाळ्यात ओल तिथे प्रथम येते.

## टप्पा ९: नोंदवही

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा आणि तो चौकटीवर पेन्सिलने लिहावा. पदकावर, चिकटपट्टी लावूनसुद्धा, काहीही लिहू नये. नोंदीत प्रकार, काढणारी संस्था, वस्तूवर कोरलेले साल, खुणांवरून ठरवलेला निर्मितीकाळ, वजन, व्यास, जाडी, कड, धातू, सूचीतील क्रमांक, खरेदीची तारीख, रुपयांतील एकूण खर्च (टपाल आणि शुल्क धरून), आणि मूळ मालकाविषयी कळलेली माहिती असावी. कोरलेले साल आणि निर्मितीकाळ यांचे रकाने वेगळेच ठेवावेत. दुसऱ्या रकान्यात खात्री नसेल तर ‘१९६३ नंतर’ किंवा ‘१९०० ते १९५९ दरम्यान’ एवढेच लिहावे, आणि ज्या खुणेवरून ते ठरवले ती खूणही शेजारी लिहावी. हवाई भाषेतील शब्द रोमन लिपीत ओकिनासह आणि ओकिनाविना असे दोन्ही प्रकारे नोंदवावेत, कारण विक्रेते आणि लिलावगृहे दोन्ही पद्धतींनी लिहितात आणि एकाच पद्धतीने शोधल्यास निम्म्या नोंदी नजरेआड राहतात.

वर्षातून दोनदा, पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाल्यावर, सिलिका जेल बदलावे आणि प्रत्येक चौकट तिरक्या प्रकाशात पाहून डागांची नोंद त्याच वहीत तारखेसह करावी.